कोरड्या पायांचा पाटकरी

पाटकरी कोरड्या पायांनी घरी आला आणि दाराशी कोमट पाण्याची बादली घेऊन बसलेल्या म्हातारीला काही उमगेना. तिचे डोळे मोतीबिंदूने गेल्यातच जमा होते. तिने सवयीने हात पुढे करून मुलाची पावलं चाचपली. बोटांना नुसती धूळ लागली.

"पोचलं का खालपर्यंत?" तिने विचारलं.

"आज आपली पाण्याची पाळी नव्हती," असं म्हणून तो आत गेला.

पाळी होती. चुलीपुढे बसलेल्या त्याच्या बायकोला ते पक्कं ठाऊक होतं. ती सकाळीच शेतात जाऊन बांध सारखे करून, वाफ्यांची तोंडं उकरून पाण्याची वाट बघत उभी राहिली होती. दुपार कलली तरी पाट कोरडाच, तेव्हा फावडं खांद्यावर टाकून ती परतली. तिला वाटलं, वर कुठेतरी पाट फुटला असेल.

या गावाचं पाणी तलावातून येतं. एकच पाट. तो आधी वरच्या अंगाच्या लिंबाच्या बागांपाशी जातो, मग मधल्या मळ्यांतून वळणं घेत उतरतो आणि शेवटी पाटकऱ्याच्या शेतात संपतो. शेताच्या खाली खालच्या आळीची विहीर आहे. वर शेत भिजलं की दोन-चार दिवसांत विहिरीला पाझर फुटतो, नाही भिजलं तर विहीर हात वर करते. पाणी वाटायचं काम कोणाकडे असावं याबद्दल गावाचं फार जुनं ठरलेलं होतं. ज्याचं शेत सगळ्यात शेवटी, त्याच्याकडे. पाटावरच्या दारांच्या चाव्या त्याच्या कमरेला, आणि पाणी मात्र त्याला सगळ्यांच्या मागून. या घराने त्यात आपली एक शिस्त घातली होती. पाळीच्या दिवशी शेवटच्या वाफ्यात पाणी गेल्याशिवाय पाटकरी जेवत नसे. म्हातारी नवऱ्याला हाच प्रश्न विचारत म्हातारी झाली, आणि तो गेल्यावर थोरल्या मुलाला विचारू लागली. "पोचलं" असं उत्तर आलं की ती पाय धुवायला पाणी द्यायची आणि हाताच्या अंदाजाने स्वतः ताट वाढायची.

त्या दिवशी तिने बादली उचलून तशीच मोरीत ओतली.

संध्याकाळी धाकटा भाऊ वरून आला तो पेटूनच.

"दादा, बागवाल्याच्या बागेत आपलं पाणी चाललंय. लिंबाच्या बुडाशी तळी साचलीत. दार कुणीतरी उघडं टाकलंय."

"कुणीतरी नाही, मीच टाकलं," पाटकरी म्हणाला.

चुलीवरचं भांडं उतरवता उतरवता त्याच्या बायकोचा हात थांबला.

"कुणाला विचारून?" धाकट्याने विचारलं.

"कुणाला विचारायचं? दुसऱ्याची पाळी कापली का मी? मधल्या मळ्यांना ठरल्याप्रमाणे मिळालं. थेंब कमी नाही. आपलं होतं ते दिलं."

"आपलं म्हणजे तुझ्या एकट्याचं? निम्मं शेत माझ्या नावावर आहे. आणि गहू पोटरीत आलाय, हे तुला दिसत नाही?"

"दिसतं. मीच पेरलाय तो." पाटकऱ्याने आवाज खाली आणला. "बस जरा. ऐकून तरी घे."

मग त्याने सांगितलं. गावाच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली होती. आत्ताचा अध्यक्ष दर खेपेला पाट पक्का बांधायचं कबूल करायचा आणि निवडून आला की गावात दिसायचा नाही. पाट जागोजागी फुटला होता, निम्मं पाणी वाटेतच जमीन पिऊन टाकत होती, आणि यंदा तलावही पुरता भरला नव्हता. वरच्या आळीची मतं बागवाल्याच्या मुठीत होती. तो आठवड्यापूर्वी आपण होऊन पाटावर आला होता. म्हणाला, तुमच्यासारखा स्वच्छ माणूस उभा राहिला तर आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत. फक्त बागा या उन्हाळ्यात जगल्या पाहिजेत.

"म्हणजे पाणी दे आणि मतं घे," धाकटा म्हणाला.

"त्याने मधल्यांच्या पाळीतलं मागितलं होतं. मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, दुसऱ्याच्या पाण्याला हात लावणार नाही, हवं तर माझं घ्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं."

"लिंबाला घालायचं होतं तेवढं तरी," पाटकरीण चुलीपाशीच पुटपुटली. धाकट्याला हसू आलं. पाटकऱ्याला आलं नाही.

"एकदा अध्यक्ष झालो की पहिलं काम पाट पक्का. मग खालपर्यंत पाणीच पाणी. आपल्याच शेताला नाही, सगळ्यांना. एका पाळीचा प्रश्न आहे."

तो खोटं बोलत नव्हता. हे सांगायला हवं, कारण पुढे गावात काही लोक म्हणाले की त्याने सगळं आधीपासून ठरवलं होतं. तसं नव्हतं. पाट पक्का व्हावा असं त्याला मनापासून वाटत होतं. फुटक्या पाटाच्या भगदाडांत त्याने आयुष्यभर दगड-माती कोंबली होती, त्याच्या पाठीचं हाड त्यातच वाकलं होतं. स्वतःचं देऊन मोठं काम करायचं, यात वाईट काय, हे त्याला खरोखरच दिसत नव्हतं.

गव्हाला मात्र दिसायला लागलं. उन्हं चढली की पाती सुरळीसारखी मिटायची आणि संध्याकाळी अर्धवटच उघडायची. पाटकरीण आणि धाकटा सकाळी लवकर शेतात जात, ओलावा धरून राहावा म्हणून सरळ ओळीने खुरपत. माती वरून पावडर झाली होती, खाली खुरप्याला टणक लागायची आणि मनगटाला झिणझिण्या यायच्या. पाटकरणीच्या तळहातांना जुन्या घट्ट्यांवर नवे फोड आले. तिचा नवरा आता शेतात येत नव्हता. दारांच्या चाव्या त्याने भावाच्या कमरेला बांधल्या होत्या आणि तो बागवाल्याबरोबर घरोघर फिरत होता. त्याच्यासाठी दोन पांढरे शर्ट शिवून आले. ते रोज धुवायचे, आणि धुवायला पाणी कमी, म्हणून पाटकरीण त्याच पाण्यात मग बाकीच्यांचे कपडे बुचकळायची.

एका सकाळी ती खालच्या आळीच्या विहिरीवर गेली. बायकांची रांग लागली होती. विहीर इतकी खाली गेली होती की दोराला आणखी एक दोर गाठ मारून जोडला होता, आणि वर येणाऱ्या पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त. पाटकरीण रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"अगं, सरका, सरका," कुणीतरी म्हणालं. "अध्यक्षीणबाई आल्यात."

"अजून कुठे? निवडणूक व्हायचीय," पाटकरीण ओशाळून म्हणाली.

"झाल्यातच जमा. या वहिनी, आधी तुम्ही भरा."

बायकांनी खरंच वाट करून दिली. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सगळ्यांत पुढे सुईण होती. आळीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती, पाटकरीही. ती रांगेतून हलली नाही, पण तिने आपला पोहरा पाटकरणीच्या घागरीत रिकामा केला.

"मावशी, तुमचं तुम्ही भरा ना."

"घे. तुझ्या नवऱ्याने आपलं शेत वाळवलं म्हणे. गावात फार नाव झालंय." सुईणीने पोहरा पुन्हा आत सोडला. तो बराच वेळ खाली जात राहिला. "एक सांग. त्याचं शेत भिजायचं तेव्हा आमची विहीर भरायची. आता त्याने आपलं दिलं, तर आमचं कुणी दिलं?"

पाटकरणीने घागर काखेत घेतली. रांगेत थांबून शेवटी पाणी घ्यावं लागलं असतं तर तिला चाललं असतं. असं मान म्हणून मिळालेल्या गढूळ पाण्याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. घरापर्यंत तिने खाली मान घालून घागर आणली.

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, विहीर आटतेय. पुढची पाळी आपल्याला घ्यायलाच हवी. गव्हात अजून जीव आहे. ती पाळी मिळाली तर दाणा भरेल."

"घेऊ," तो म्हणाला. तो आरशासमोर उभा राहून शर्टाची कॉलर सारखी करत होता. "कबूल केलं. ही पाळी आपली."

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्याने दिलेला शब्द आजवर मोडला नव्हता.

त्याच आठवड्यात गावात मोठी सभा झाली. शाळेपुढच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. बागवाला बोलायला उठला आणि त्याने पाटकऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते उतरवलंच नाही. म्हणाला, असा माणूस बघितलाय का तुम्ही, ज्याच्या हातात गावभरच्या पाण्याच्या चाव्या, आणि त्याचं स्वतःचं शेत जळतंय? टाळ्या झाल्या. पाटकरी उभा राहिला तेव्हा त्याला सुरुवातीला शब्द फुटेना. पाटावर हाका मारून मारून त्याचा आवाज मोठा होता, पण सभेत बोलायची सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "मला माझ्यासाठी काही नको." त्यावर टाळ्यांचा पाऊस पडला, थांबेचना.

त्या टाळ्या त्याच्या अंगात गेल्या. सभेहून तो घरी आला तो वेगळ्याच चालीने. जेवताना मध्येच थांबून तो तेच वाक्य हळू आवाजात म्हणून बघत होता. पाटकरणीने ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

पाळीच्या आदल्या दिवशी बागवाला घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, सगळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "उद्या जिल्ह्याहून साहेब येतायत. त्यांनी तुमचं शेत बघायचं म्हटलंय. बरोबर लोक असतील, फोटो काढणारे असतील. साहेबांनी पाठीवर हात ठेवला की निवडणूक संपलीच म्हणायची."

"उद्या आमची पाळी आहे," पाटकरीण दारातून म्हणाली.

बागवाल्याने पाटकऱ्याकडे बघितलं. पाटकऱ्याने पायाच्या अंगठ्याने ओट्याची माती उकरली.

"भिजलेलं शेत काय दाखवायचं साहेबांना?" बागवाला सौम्यपणे म्हणाला. "एक दिवस वहिनी. पाणी आमच्या बाजूला वळवा, वाया जाणार नाही."

तो गेल्यावर पाटकरीण नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही शब्द दिला होता."

"गहू विकत आणू. घरात धान्य कमी पडू देणार नाही."

"आणि विहीर?"

"निवडून आलो की टँकर लावतो खालच्या आळीला. रोज."

"तोवर?"

"तोवर जरा सोसतील. आपली माणसं आहेत ती, समजून घेतील. ती कुठे जातायत आपल्याला सोडून?"

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली म्हातारी इतका वेळ ऐकत होती. ती आता बोलली.

"तुझ्या वडलांना लोक फार चांगलं म्हणायचे."

"म्हणून तर मीही..."

"ऐक आधी. तू त्यांना देवमाणूस समजतोस. तसं काही नव्हतं. हावरट होते ते. आपलं शेत भिजावं म्हणून जीव टाकायचे. वर कुणी दार किलकिलं ठेवलं, की आपल्या वाफ्याला कमी पडणार म्हणून धावत जायचे, भांडायचे, शिव्या द्यायचे. एकदा याच बागवाल्याच्या बापाची कॉलर धरली होती. त्यांची तहान होती म्हणून सगळ्यांना पाणी पोचायचं. गावाने चाव्या त्यांच्या चांगुलपणावर दिल्या नव्हत्या, शेतावर दिल्या होत्या."

"मी हावरट नाही, हा माझा गुन्हा झाला का आई?"

"तुला आता पाणी नकोच आहे. तुझं शेत वाळलं तरी तुला काही होत नाही. मग खालच्यांचं वाळलं तर तुला कसं कळणार?"

पाटकरी उठला. "तुम्हा सगळ्यांना मी मोठा झालेला बघवत नाही," असं म्हणून तो बाहेर पडला. घरातल्या माणसांना तो असं बोलला ही पहिलीच वेळ होती, आणि बोलल्यावर त्यालाही ते लागलं असावं, कारण कोपऱ्यावर तो क्षणभर थांबला होता. पण मागे वळला नाही.

धाकट्याने कमरेच्या चाव्या चाचपल्या. "वहिनी," तो म्हणाला, "चाव्या माझ्याकडे आहेत. पाळी आपली आहे. कुणाची चोरी करत नाही आपण."

"तुमच्या दादाला काय सांगायचं?"

"सांगायचं काय त्यात? पाणी आलेलं दिसेलच."

दुसऱ्या दिवशी धाकटा एकेक दार लावत वरून खाली आला. मधल्या मळ्यांची पाळी संपली तसं त्याने बागांकडचं दार घट्ट बसवलं, कुलूप घातलं आणि पाणी खाली सोडलं. पाटकरीण शेतात पदर खोचून उभीच होती. आधी कोरड्या पाटात सुकलेली पानं सरकली, मग काड्या आणि फेस घेऊन पाण्याची जीभ पुढे आली. तिने फावड्याने पाटाचं तोंड फोडलं. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं आणि जमिनीने ते असं ओढून घेतलं की भेगांतून बुडबुडे फुटायचा आवाज येऊ लागला. ओल्या मातीचा वास आला तेव्हा तिला रडू फुटलं. तिने ते पुसलं नाही, हात चिखलाचे होते.

ती एक वाफा भरला की त्याचं तोंड बुजवायची, दुसऱ्याचं फोडायची. खालच्या आळीतून चार बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या, त्यांत सुईणही होती. सगळ्या पाण्याकडे बघत होत्या.

काही वाफे भरून झाले असतील, तेव्हा रस्त्यावर गाड्या थांबल्या.

साहेब पुढे, त्यांच्या बाजूला बागवाला, मागे गावातले पुरुष, आणि मध्ये पांढऱ्या शर्टातला पाटकरी. तो काहीतरी सांगत येत होता. बांधावर पाय ठेवला आणि त्याचं वाक्य तुटलं. समोर निम्मं शेत पाण्याने चमकत होतं. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा वर घेतला आणि परत खाली केला.

"हे तेच शेत का?" साहेबांनी विचारलं.

बागवाल्याच्या कपाळावर घाम आला. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. त्या हसण्याने पाटकऱ्याचा चेहरा लाल झाला. त्याने बूट काढले नाहीत, तसाच चिखलात उतरला आणि बायकोपुढे येऊन उभा राहिला. ती पाटाच्या तोंडात, दोन्ही पाय रोवून उभी होती. तिच्या पायांमधून पाणी शेतात जात होतं.

"फावडं दे," तो म्हणाला.

"अहो, थोडे वाफे राहिलेत."

"फावडं दे म्हटलं ना."

तिने दिलं. दिलं ते सवयीने. नवऱ्याने फावडं मागितलं आणि तिने दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. तो लोकांकडे वळला. आवाज पाटावरचा होता, लांबवर जाणारा.

"लोकहो, घरातल्यांनी चूक केली. बायकामाणसांना शेत दिसतं, गाव दिसत नाही. हे पाणी मी गावाला दिलंय, ते परत वळवतो. तुमच्या समोर."

त्याने बांधाकडचं मातीचं ढेकूळ फावड्यावर घेतलं आणि पाटाच्या तोंडात टाकलं. ती बाजूला झाली नाही. दुसरं फावडं तिच्या पावलांवर पडलं. तिसरं घोट्यांवर. त्याचा हात कामात पडला होता. माती कुठे टाकायची, पाठीने कशी ठोकायची, हे हाताला सांगावं लागत नव्हतं. तिच्या पायांभोवती त्याने बांध घातला आणि फावड्याच्या पाठीने थोपटून सारखा केला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने वर बघितलं नाही.

पाणी अडलं, पाटात चढलं आणि काठावरून पलीकडच्या ओढ्याच्या वाळूत सांडू लागलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून आधी पुढच्यांनी, मग सगळ्यांनी. बांधावरच्या बायकांपैकी दोघींनीही वाजवल्या. सुईणीने हात पदरात गुंडाळले होते. साहेब पुढे झाले आणि त्यांनी पाटकऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. कॅमेऱ्याने तो फोटो घेतला. धाकटा पाटाच्या वरच्या वळणावरून धावत आला होता. बागवाल्याच्या माणसाने त्याच्या हातातून चाव्या काढून घेतल्या, आणि इतक्या लोकांत भावासमोर झोंबाझोंबी करायची की काय, हे न कळून तो तसाच उभा राहिला.

लोक गाड्यांकडे निघाले. पाटकरणीने एकेक पाय मातीतून उपसून काढला. चिखलाने ते सोडताना पचकन आवाज केला. ती बाजूला झाली आणि पाटकऱ्याला दिसलं की तिचे पाय होते तिथे बांधात दोन भोकं राहिलीत, आणि त्या भोकांतून पाणी शेतात येतंय. फार नाही. करंगळीएवढी धार. तेवढ्यावर एखादा वाफा हळूहळू भिजला असता. लोकांची पाठ वळली होती. ती धार कुणाच्या डोळ्यांवर आली नसती.

तिने फक्त त्या धारेकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

त्याला ती धार राहू द्यायची होती, असं मला वाटतं. तो तसा थांबलाही. पण रस्त्यावरून बागवाल्याने हाक मारली, "चला, साहेब थांबलेत," आणि साहेबांनी त्याच वेळी वळून शेताकडे बघितलं. पाटकऱ्याने घाईघाईने बूट काढून बांधावर टाकले, अनवाणी त्या भोकांवर चढला आणि टाचांनी माती दाबून दोन्ही बंद केली. नीट केली. पुन्हा एकदा दाबून पाहिली.

साहेबांची गाडी गावाबाहेर पडल्यावर तो शर्ट बदलायला घरी आला. पाय पोटऱ्यांपर्यंत भरले होते, बूट हातात होते. म्हातारी दाराशी बसली होती. तिला शेतातलं कुणी सांगितलं नव्हतं. तिने हात पुढे केला, आणि बोटांना ओला चिखल लागताच तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! पोचलं का खालपर्यंत?"

त्याने आईकडे बघितलं. तिच्या धुरकट डोळ्यांत इतका आनंद होता की त्याच्याने राहवलं नाही.

"पोचलं," तो म्हणाला.

"बस, बस. पाय पुढे कर." तिने स्वतः पाणी ओतलं, स्वतः त्याचे पाय चोळून धुतले, लहानपणी धुवायची तसे बोटांच्या बेचक्यांतून. "काल मी फार बोलले तुला. मनाला लावून घेऊ नकोस. मला वाटलं होतं, तू आता... जाऊ दे. जेवून घे." ती भिंतीच्या आधाराने आत गेली, तिने बसायला पाट मांडला, ताट वाढलं. तो बसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात पाटकरीण आली. ती विहिरीवरून आली होती. तिचेही पाय चिखलाने भरलेले होते, तो आता वाळून पांढरा पडला होता. तिने नवऱ्याला जेवायला बसलेलं बघितलं, सासूचा हसरा चेहरा बघितला, आणि काय झालं असेल ते तिला कळलं. तिच्या तोंडाशी आलं होतं, पण म्हातारीचा तो चेहरा बघून तिने ते गिळलं. काखेतली घागर तिने नेहमीसारखी कोनाड्याखाली ठेवली.

रिकाम्या घागरीचा आवाज झाला.

म्हातारीचा वाढता हात थांबला. डोळे गेल्यापासून ती घर कानांनी बघायची.

"विहिरीवर गेली होतीस?"

"हो."

"रिकामी आणलीस?"

"पोहरा दगडावर आपटतोय आता," पाटकरीण म्हणाली. "गाळसुद्धा येत नाही."

"आज शेत भिजलंय. उद्या-परवा पाझर येईल की."

पाटकरीण बोलली नाही. पाटकरीही बोलला नाही. त्याने घास उचलला होता, तो हातातच राहिला. म्हातारीने थोडा वेळ वाट बघितली. मग ती हळूच खाली बसली, चाचपत ताटापर्यंत हात नेला, ते आपल्याकडे ओढलं आणि त्यावर झाकण ठेवलं.

"पाळी झाली नाही अजून," ती म्हणाली.

पाटकऱ्याला हातातला घास कुठे ठेवावा तेच कळेना. तो झाकणावर ठेवला. "आई," तो म्हणाला, आणि पुढे काही म्हणणार होता. पण बाहेर माणसं आली होती. बागवाल्याचा आवाज आला, "अध्यक्ष! अहो अध्यक्ष! चौकात लोक थांबलेत." तो उठला. धुतलेल्या ओल्या पायांत त्याने तसेच बूट चढवले आणि ओट्यावर गेला.

"जेवत होतात का?" बागवाल्याने विचारलं.

"नाही," पाटकरी म्हणाला. "जेवलो नाही अजून."

खाली उभ्या माणसांतल्या कुणालातरी त्या घराची जुनी शिस्त आठवली. "बघा," तो मोठ्याने ओरडला, "गावाला पाणी पोचल्याशिवाय हा माणूस जेवत नाही!"

टाळ्या सुरू झाल्या. पाटकरी क्षणभर गोंधळला. मग त्याने मान खाली घातली, हात जोडले आणि त्या टाळ्याही घेतल्या.

घोळका चौकाकडे निघून गेला. आत म्हातारी झाकलेल्या ताटापाशी बसून होती. पाटकरणीने रिकामी घागर पुन्हा काखेत घेतली आणि मधल्या मळ्यात कुणी पाणी देतंय का ते विचारायला ती बाहेर पडली.